ऐंशी फुटांची बंदी

१

माफीपत्रात चारच ओळी होत्या. रविवारी सरावाच्या वेळी मी चेंडू मारून सभागृहाची रंगीत काच फोडली, ही माझी चूक आहे, वसतिगृहातून काढलं तरी माझी तक्रार नाही, असा त्यातला मजकूर. खाली वेदिका आगिवलेची सही होती. सही करताना तिनं पेन इतकं दाबलं होतं, की शेवटच्या अक्षराला कागद फाटला होता.

संध्या बांबळेनं ते पत्र गुरुवारी सकाळी ताराबाई सभागृहाच्या कार्यालयात उभ्यानंच वाचलं. ती मुलींच्या बेसबॉल संघाची प्रशिक्षक होती. पंचांच्या शिबिरासाठी रविवारी सराव संपताच ती पुण्याला गेली, ती आज परतली होती. तिच्या माघारी चार दिवसांत सगळं उरकलं होतं. काच फुटली, वेदिकेवर आळ आला, संस्थेच्या वसतिगृहातून तिला काढून घोटीकडच्या तिच्या गावी पाठवलं आणि मैदानाला कुलूप लागलं. राज्य संघाची निवड चाचणी पुढच्या बुधवारी होती. सोळा वर्षांची वेदिका ही नाशिकमधून निवड होण्याची खात्री असलेली एकमेव मुलगी होती.

संध्यानं पत्र टेबलावर ठेवलं. आवाज चढू न देता ती म्हणाली, "त्या दिवशी मैदानात कडक चेंडूच नव्हता."

संस्थेचे सचिव मनोज निमसे टेबलामागे बसले होते. मुली मैदानात खेळतात हे त्यांना पहिल्यापासून पटत नव्हतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नव्हतं.

संध्यानं त्यांना समजावून सांगितलं. बेसबॉलच्या अगदी जुन्या खेळात धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला, की तो बाद व्हायचा. म्हणून चेंडू मऊ असायचा. पुढे १८४५ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबानं नियम लिहून काढले, त्यात ते मारणं बंद झालं आणि मग चेंडू कडक होत गेला. मुलींना आपला खेळ कुठून आला ते कळावं म्हणून तिनं दोन पानांचं पत्रक लिहिलं होतं आणि रविवारी त्यांना तो जुना खेळच खेळायला लावला होता. चेंडू चिंध्यांचे होते. सभागृहाचा शिपाई लहानू यानं दिलेला जुना पडदा फाडून मुलींनी ते शिवले होते. कडक चेंडूंची पिशवी संध्याच्या घरी कुलपात होती.

"ते मला माहीत आहे," निमसे म्हणाले. "चिंध्या मारत बसला होतात, गॅलरीतून मी बघितलं. पण नऊ वाजता लहानूनं हॉल उघडला तेव्हा व्यासपीठावर काचा होत्या आणि हा पडला होता. कुणीतरी आणलाच असेल."

त्यांनी खणातून लाल टाक्यांचा कडक चेंडू काढला. मग फायलीतून एक पिवळट पान काढून तिच्यापुढे सरकवलं. १९१३ सालचा हा संस्थापकांचा ठराव आहे, जुन्या इतिवृत्ताच्या वहीत सापडला, आणि घटनेप्रमाणे संस्थापकांचे ठराव अजून लागू आहेत, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे वेदिका असो नसो, मैदान बंदच.

संध्यानं पान वाचलं. सभागृहाच्या नव्या काचांच्या रक्षणार्थ कोणीही इसमाने सभागृहापासून ऐंशी फुटांच्या आत विकेट, क्रिकेट, बेसबॉल, बॅटबॉल, फुटबॉल, कॅट, फाइव्ह्ज वा चेंडूचा अन्य कोणताही खेळ खेळू नये.

इतका वेळ उभी असलेली संध्या खुर्चीत बसली.

"निमसेसाहेब," ती म्हणाली, "हे वाक्य माझं आहे. गेल्या आठवड्यात मी लिहिलंय."

२

मोहिनी लोखंडे संध्याच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापून आलेले कागद तपासण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. दिवसाला हजारो कागद डोळ्यांखालून घालायचे आणि एकात बारीकशी खोट असली तरी तो बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्या सभागृहाच्या आजीव सभासद झाल्या होत्या आणि मुलींच्या सामन्यांची धावपत्रिका लिहायच्या. कमी बोलायच्या. रागावल्या की आणखी कमी.

संध्या त्यांच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात पत्रक होतं. १७९१ साली अमेरिकेतल्या पिट्सफील्ड गावानं आपल्या नव्या सभागृहाच्या खिडक्या वाचाव्यात म्हणून चेंडूच्या खेळांवर बंदी घातली. बेसबॉल हे नाव त्या देशात सापडतं ते पहिल्यांदा बहुधा त्या बंदीतच. एका खेळाचा जन्मदाखला त्याच्या मनाईहुकमात सापडावा, याची संध्याला फार गंमत वाटली होती. म्हणून तिनं तो हुकूम मराठीत करून पत्रकात घातला होता. आणि कुणीतरी तोच उचलून तिच्या मुलींच्या गळ्यात बांधला होता.

मोहिनीताईंनी पत्रक दोनदा वाचलं. १९१३ साली नाशिकच्या पोरांवर बंदी घालायची, तर लोकांनी विटीदांडू लिहिला असता, लगोरी लिहिली असती, असं त्या म्हणाल्या. विकेट नावाचा वेगळा खेळ इथं कोण खेळत होतं? मग चपला घालून त्या थेट कार्यालयात गेल्या आणि सभासद म्हणून ते पान बघायला मागितलं.

पान त्यांनी खिडकीपाशी नेलं, उजेडासमोर धरलं, भिंगाखाली घातलं. कागद जुना होता, वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांतला. वहीत त्या जागी कापल्याची कडही होती. पण शाई नवी होती. जुन्या कागदावरची खळ उडून गेलेली असते, त्यावर आज लिहिलं तर शाई पसरते, अक्षरांना केस फुटतात. त्याच वहीतल्या १९१३ च्या खऱ्या अक्षरांच्या कडा स्वच्छ होत्या. या पानावरच्या प्रत्येक अक्षराला केस फुटले होते.

चेंडू त्यांनी नाकाशी धरला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"हा मैदानावरचा नाही," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी कपाटातला आहे."

इतिवृत्ताच्या वह्या ज्या कपाटात असतात त्याच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, असं त्यांनी विचारलं. तिघांकडे, निमसे म्हणाले. आपण स्वतः, लहानू आणि अध्यक्ष. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला, कारण त्या तिघांत आपलं नाव आपणच पहिलं घेतलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

३

लहानूला मोहिनीताईंनी सभागृहाच्या पायरीवर गाठलं. तो आधीच घाबरलेला होता. रविवारी आठ वाजता पोरी गेल्या, निमसेसाहेबही लगेच गेले, मग तो कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेला, असं त्यानं सांगितलं. नऊला परत येऊन हॉल उघडला तर काच फुटलेली. मधल्या तासाभरात मैदानावर कुणीच नव्हतं.

"त्या पोरीनं काय फोडलं नाय, ताई," तो म्हणाला. "पडदा मीच दिल्ता. चिंधीनं काच फुटती का? मी सायबाला बोललो. ते म्हनले, तू तुझं झाडूचं काम बघ."

मग मोहिनीताई निमशांसमोर जाऊन बसल्या. ठराव शोधायचं त्यांच्या डोक्यात कसं आलं, एवढंच त्यांनी विचारलं. निमसे म्हणाले, आपल्यालाच सुचलं, सोमवारी संध्याकाळी आपणच जुन्या वह्या चाळल्या. सांगताना ते पंख्याकडे बघत होते. वेदिकेनं सोमवारी काय सांगितलं, असंही त्यांनी विचारलं. निमसे म्हणाले की चेंडू चिंधीचे होते हे ती तीनदा बोलली. समितीचे पाच जण बसले होते. पाचांनाही वाटलं, मुलगी बहाणे करते आहे.

"तुम्ही तर गॅलरीतून बघितलं होतं," मोहिनीताई म्हणाल्या.

 चेंडू समोर पडलेला होता आणि ती लांब मारते हे सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच ते पुटपुटले.

शेवटी त्या अध्यक्षांकडे गेल्या, संध्याला बरोबर घेऊन. ललित गायधनी हे निवृत्त क्रीडाशिक्षक. संध्या आठवीत असताना तिच्या हातात पहिला ग्लव्ह त्यांनीच दिला होता. मुलींना मैदान मिळालं तेही त्यांच्यामुळेच. त्यांनी दोघींना बसवून घेतलं, चहा करायला सांगितलं. झालं ते फार वाईट झालं, असं ते म्हणाले. रविवारी आपण इगतपुरीला लग्नाला गेलो होतो, सकाळी नऊच्या सुमारास घरातून निघालो, मंगळवारी परतलो, नाहीतर पोरीला एकटी पडू दिली नसती. ठरावापुढे आता आपलंही काही चालत नाही, पण देवळालीकडे एक मोकळी जागा आहे, तिथं मुलींची सोय करून देतो. उगाच भांडण वाढवू नका, त्यात मुलींचंच नुकसान आहे.

परत येताना संध्या म्हणाली, निदान एक माणूस तरी आपल्या बाजूनं आहे. मोहिनीताईंनी तिच्याकडून पत्रक मागून घेतलं.

४

घरी आल्यावर मोहिनीताईंनी पत्रक आणि कार्यालयातून उतरवून आणलेली ठरावाची नक्कल शेजारी शेजारी मांडली आणि शब्दावर शब्द ताडून बघायला लागल्या. सगळं तंतोतंत होतं. खेळांची नावं त्याच क्रमानं, ‘चेंडूचा अन्य कोणताही खेळ’ हेही तसंच. पिट्सफील्डच्या हुकमातला दंड तेवढा ठरावात गाळला होता. त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"तुझ्या पत्रकात ऐंशी यार्ड आहे. ठरावात ऐंशी फूट कसं?"

संध्याला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. मोहिनीताईंनी मान हलवली. मैदान बंद करायला निघालेला माणूस अंतर कमी का करील? ऐंशी यार्ड म्हणजे दोनशे चाळीस फूट, त्यात सगळं मैदान येतं. ऐंशी फुटांत अर्धंही येत नाही. निमसे परवा टेप घेऊन मोजत होते, तेव्हा तेच चिडले होते आणि ‘खबरदारी म्हणून’ उरलेल्या अर्ध्यालाही त्यांनी कुलूप लावलं होतं. यार्ड समोर दिसत असताना कुणी फूट लिहिणार नाही. ज्याच्या समोर फूटच होतं, त्यानंच फूट लिहिलं.

संध्यानं पत्रक पुन्हा वाचलं. मग तिला आठवलं. आधी तिनं चुकून फूटच लिहिलं होतं. शनिवारी दुपारी मैदानात जुन्या खेळासाठी अंतर आखताना ती चूक लक्षात आली, मग दुरुस्त करून चाळीस प्रती काढल्या. त्या रविवारी वाटल्या. निमशांना एक, ती त्यांनी न वाचताच खिशात घातली, लहानूला एक, बाकी मुलींना.

"आणि दुरुस्तीच्या आधी?"

"एकच काढली होती. शुक्रवारी. कुणीतरी जाणत्यानं तपासावी म्हणून."

"कुणाला दिलीस?"

संध्यानं नाव घेतलं नाही. ती उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली.  मोहिनीताईंना नाव आधीच कळलं होतं. पण ते तिनंच घ्यायला हवं होतं.

५

समितीची बैठक शनिवारी चार वाजता बोलावली. मोहिनीताईंनी दोन सभासदांच्या सह्या घेऊन ती मागितली होती. ललित गायधनी अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनीच मोहिनीताईंना बोलायला सांगितलं.

मोहिनीताईंनी आधी कागद आणि शाई दाखवली. ठराव बनावट आहे हे समितीनं मान्य केलं. सगळ्यांच्या नजरा निमशांकडे वळल्या.

मोहिनीताई म्हणाल्या, निमशांना मुली नको होत्या हे खरं. पण रविवारी त्यांनी चिंध्यांचे चेंडू स्वतः पाहिले होते. आळ घ्यायचाच असता तर त्यांनी आदल्या किंवा नंतरच्या दिवशी काच फोडली असती, मऊ चेंडूच्या दिवशी नाही. लहानूनं तर पडदाच दिला होता. काचेसाठी कडक चेंडू वापरणाऱ्याला सराव असतो एवढं ठाऊक होतं, त्या सकाळी काय खेळले हे ठाऊक नव्हतं. म्हणजे तो तिथं नव्हता. कपाटाची किल्ली तिघांकडे आहे. त्यातले दोघे तिथं होते.

 मोहिनीताईंनी ऐंशी फुटांची गोष्ट सांगितली आणि मग संध्याकडे बघितलं.

संध्या उभी राहिली. शुक्रवारी पाच वाजता आपण चुकीची ती एकमेव प्रत गायधनी सरांच्या हातात दिली, असं तिनं सांगितलं. सरांनी ती परत केली नाही, पत्रकाबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

तेव्हा निमसे मधेच बोलले. जुन्या वह्या चाळायचं आपल्याला सुचलं नव्हतं. सोमवारी अध्यक्षांचा फोन आला होता, १९१३ ची वही बघा म्हणून. स्वतःचं श्रेय वाटावं म्हणून आपण खोटं बोललो.

गायधनींनी चष्मा काढला. नाकारायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, तेवढं त्यांच्या वयाला शोभलं. मैदान लग्नाच्या लॉन्ससाठी देण्याचं त्यांनी एका ठेकेदाराला तोंडी कबूल केलं होतं. मुलींना आपणच आणलेलं, आपणच घालवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांना बंदी हवी होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून यायला हवी होती. पत्रक वाचलं आणि रस्ता सापडला; आपण तपासून दिल्याशिवाय संध्या ते कुणाला दाखवणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. शनिवारी पान लिहून वहीत ठेवलं. रविवारी लग्नाला निघण्याआधी मैदान रिकामं बघून चेंडू मारला. तो त्यांच्याच कपाटातला, जुन्या दिवसांचा होता. पोरीला वसतिगृहातून काढतील असं वाटलं नव्हतं, ते म्हणाले. एक काच फुटल्यानं कुणाचं काय जातं, असंच वाटलं होतं.

संध्यानं दोन्ही हात टेबलावर टेकवले. 

"सर, तुम्ही वेदिकेचं नाव ठरवून घेतलंत का?"

"नाव मी घेतलं नाही," गायधनी म्हणाले. "घ्यावं लागलं नाही. ती लांब मारते. लोक तिचंच घेणार हे मला माहीत होतं."

संध्यानं आयुष्यात या माणसासमोर कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, की तिला लांब मारायला तुमच्याच मैदानानं शिकवलं आणि तुम्ही तिचा तोच गुण तिच्याविरुद्ध वापरलात. तुम्ही मला काय काय शिकवलंत ते मी आजवर लोकांना अभिमानानं सांगत आले, यापुढे सांगताना मला लाज वाटेल.

गायधनींनी तिथंच राजीनामा लिहिला. बनावट कागदाची पोलिसात तक्रार द्यायचं समितीनं ठरवलं. मैदान उघडायचं ठरलं. वेदिकेला परत आणायचं ठरलं. सगळं पंधरा मिनिटांत ठरलं, आणि त्या घाईचाच मोहिनीताईंना राग आला. तिला काढायलाही या लोकांना पंधराच मिनिटं लागली असणार.

"निमसेसाहेब, उद्या इतिवृत्ताची वही घेऊन तुम्ही आमच्याबरोबर यायचं," त्या म्हणाल्या.

६

घोटीपासून आत, धरणाच्या कडेनं गाडी गेली तेव्हा सगळीकडे भाताची कापणी चालू होती. वेदिका खळ्यावर आईबरोबर पेंढ्या झोडपत होती. संध्याला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

संध्यानं सगळं सांगितलं. खरं बाहेर आलं, मैदान उघडलं, बुधवारी चाचणी आहे, आत्ता निघू. वेदिकेनं ऐकून घेतलं.

"मी नाय येणार," ती म्हणाली.

तिची आई बयाबाई बोलायला लागली, तेव्हा कारण कळलं. वसतिगृहातून पोरगी काढून पाठवली म्हटल्यावर गावानं काचेवर विश्वास ठेवला नव्हता. काचेपायी कुणी पोरीला घालवून देतं का? खरं काहीतरी वेगळंच असणार, असं लोक बोलत होते. सहा दिवस वेदिका घराबाहेर पडली ती फक्त शेतात. तिचे आजोबा बहिरूबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सहा दिवसांत कुणाशी बोलणं ठेवलं नव्हतं.

मोहिनीताईंनी निमशांकडे बघितलं. निमसे खळ्यात उभे राहिले. आजूबाजूच्या शेतांतली माणसं गाडी बघून जमली होतीच. त्यांनी वही उघडून कालचा ठराव मोठ्यानं वाचला. कुमारी वेदिका आगिवले हिने काच फोडली नाही, तिच्याकडून गैरसमजातून माफीपत्र लिहून घेण्यात आले, त्याबद्दल ही संस्था तिची माफी मागते.

बहिरूबाबांना ऐकू कमी येत होतं. वेदिकेनं निमशांना पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी आणखी मोठ्यानं वाचलं. म्हातारा मान वर करून माणसांकडे एकेक करून बघत राहिला.

मग वेदिकेनं हात पुसले, वही मागून घेतली आणि स्वतः वाचली. एका शब्दाखाली तिनं बोट ठेवलं.

"गैरसमज नव्हता," ती म्हणाली. "मी सांगितलं व्हतं. तीनदा सांगितलं. तुमी समद्यांनी ऐकलं. ऐकून मला लिही म्हनलात."

निमसे म्हणाले की ठराव समितीनं मंजूर केलेला आहे, त्यात बदल करायचा तर बैठक बोलवावी लागेल.

"मग बोलवा," वेदिका म्हणाली. "मी इथंच हाय."

ती पुन्हा पेंढ्यांकडे वळली. निमसे उन्हात उभे राहिले. त्यांनी समितीतल्या चौघांना एकामागून एक फोन लावले. पहिल्याशी बोलताना ते दबकत बोलत होते. चौथ्याला मात्र त्यांनी सरळ सांगितलं की पोरगी खरं बोलते आहे, आपण पाच जण तिथं होतो आणि मी तर गॅलरीतून बघितलंही होतं.

फोन खिशात ठेवून त्यांनी वही गाडीच्या बॉनेटवर टेकवली. ‘गैरसमजातून’ हा शब्द खोडला. त्यावर ‘ती खरे सांगत असताना, ते ऐकूनही’ असं लिहिलं, बाजूला सही केली, तारीख घातली आणि कुणी न सांगता सगळं पहिल्यापासून परत मोठ्यानं वाचलं.

वेदिकेनं शेवटपर्यंत ऐकलं. हातातली पेंढी तिनं झोडपून संपवली, मग कपडे भरायला घरात गेली.